आपण सारेच दत्तक लेकरे



मिस्सा आटोपली की चर्चच्या अंगणात आपण एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतो. लग्नाला आठ-दहा वर्षे झालेले जोडपे समोर आले की हटकून एक प्रश्न येतो, "अजून काही नाही का?" विचारणारा लगेच दुसऱ्याशी बोलू लागतो, पण ती बाई तो प्रश्न घेऊन घरी जाते. कुणी दत्तकाचा विषय काढलाच, तर घरातील वडीलधारे म्हणतात, "परक्याचे रक्त ते, म्हातारपणी विचारील का?" इस्लापूरसारख्या लहान गावात अशी कुजबूज लपत नाही. म्हणून आज या विषयावर देववचनाच्या प्रकाशात विचार करू या.

1979 साली पुण्यात ससून रुग्णालयाशी संबंधित 'श्रीवत्स' या संस्थेत जेमतेम तीन आठवड्यांची एक मुलगी होती. मूळचे मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांची इंग्रज पत्नी स्यू तेव्हा परदेशात राहत होते. त्यांनी आधीच भारतातून एक मुलगी दत्तक घेतली होती. आता मुलगा हवा, असे मनात धरून ते आले होते. पण त्यांनी या मुलीला पाहिले आणि तिलाच उचलून घेतले. तिचे नाव लिसा ठेवले. पुढे हे कुटुंब ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. वडिलांनी तिला क्रिकेटची गोडी लावली. लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाच्या संघाची कर्णधारही झाली आणि 2013 साली मुंबईत विश्वचषक जिंकून तिने निवृत्ती घेतली.

प्रियजनहो, लिसा मोठी खेळाडू झाली म्हणून आम्ही ही गोष्ट सांगत नाही. ती साधी गृहिणी झाली असती तरी त्या आईबापांचा प्रवास तेवढाच मोलाचा ठरला असता. ते दूर देशाहून आले, एक अपेक्षा घेऊन आले आणि देवाने पुढे केलेले लेकरू स्वीकारून परतले. 'मुलगाच हवा' हा हट्ट त्यांनी पाळण्यापाशी सोडला. आपल्या घरांतून तो हट्ट सुटला आहे का?

आता नाझरेथच्या घराकडे पाहू या. संत मत्तयाने शुभवर्तमानाच्या आरंभी दिलेली वंशावळ योसेफापर्यंत येते. योसेफ येशूचा रक्ताचा पिता नव्हता. तरी देवदूताच्या सांगण्यावरून त्याने मरियेला घरी आणले आणि बाळाचे नाव येशू ठेवले. नाव ठेवणे म्हणजे 'हे माझे लेकरू' असे सर्वांपुढे मान्य करणे. योसेफाच्या त्या होकारामुळे आपला तारणारा दावीदाच्या घराण्यातला गणला गेला. पुढे हेरोदाने बाळाचा जीव घ्यायचे ठरविले, तेव्हा योसेफ रातोरात मायलेकरांना घेऊन मिसर या परक्या देशी गेला. रक्ताचे नाते नसताना जो एवढी वाट चालला, त्याला आपण 'खरा बाप नव्हे' असे म्हणू का?

संत पौल तर आणखी पुढे जातो. रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत तो शिकवितो की, आपण देवाची मुले झालो ती दत्तकपणाने. देवाने आपला पुत्र धाडला तो आपल्याला घरी नेण्यासाठी. स्नानसंस्काराच्या दिवशी आपल्याला त्याचे नाव मिळाले आणि वारसाहक्कही मिळाला. म्हणून दत्तक लेकराला जो 'परके' म्हणतो, तो आपल्याच स्नानसंस्काराला कमी लेखतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही 5 जानेवारी 2022 रोजी संत योसेफावर बोलताना दत्तक घेण्यास भिऊ नका, असे दांपत्यांना सांगितले होते.

एक व्यवहाराची गोष्टही सांगावीशी वाटते. 1956 चा हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नाही. त्यामुळे पूर्वी ख्रिस्ती जोडप्यांना बहुधा 1890 च्या कायद्याखाली केवळ 'पालक' म्हणून मूल मिळे. बाल न्याय कायद्याने ही अडचण दूर केली आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला त्या कायद्याने दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केले. त्यासाठी 'कारा' या केंद्रीय संस्थेकडे नोंदणी करावी लागते. मग घरभेट होते, आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते आणि अखेर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश मिळतो. नांदेडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात माहिती मिळू शकते. वाट पाहणे कठीण असते, हे आम्ही जाणतो. पण दवाखान्यातून किंवा दलालाकडून परस्पर मूल आणू नका. तो गुन्हा आहे, आणि त्यात कुणा मातेचे अश्रू असू शकतात.

सर्वांनाच दत्तक घेणे जमेल असे नाही. ज्यांना मूल नाही त्यांचेही कुटुंब देवापुढे पूर्णच आहे. पण एक गोष्ट आपणा सर्वांना जमेल. या आठवड्यात तो बोचरा प्रश्न आपण विचारू नये. आणि एखादे दत्तक लेकरू आपल्या चर्चमध्ये आले, तर 'कुणाचे?' असे न विचारता त्याला जवळ घ्यावे. ते आपल्या धर्मग्रामाचे लेकरू आहे.

हे स्वर्गीय पित्या, तू आम्हांला दुरून आणून आपल्या घरात घेतलेस. बाळाची वाट पाहणाऱ्या दांपत्यांना धीर दे, आईबापांची वाट पाहणाऱ्या लेकरांना घर दे, आणि आम्हां सर्वांना संत योसेफाचे मन दे. आमेन.