अंतोनीचा पाव कुणासाठी?

मुंबईतल्या वाकोल्यात सेंट अँथनी चर्च आहे, त्यामुळे इकडच्या फोनांवर संत अंतोनीच्या नावाचे निरोप जरा जास्तच फिरतात. हा निरोप तेरा जणांना पाठवा, हरवलेलं सापडेल, अडलेलं काम होईल. आणि साखळी तोडलीत तर तुमचं तुम्ही बघा. मेल्यानंतर एक वर्षही उलटायच्या आत ज्याला संतपद मिळालं, त्याच्या तोंडी ही गल्लीतल्या दादाची धमकी घालणाऱ्यांच्या धाडसाचं मला नवल वाटतं.

यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. सुधारक मंडळी म्हणतात, संताशी देवघेव करणं मुळातच चूक. बाहेरची मंडळी म्हणतात, तुमच्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेताना नवस घरून सोबत आणला, दुसरं काय! दोघांचंही मला पटत नाही. नवस बोलण्यात मला काही गैर दिसत नाही. तो कुणाच्या हातात फेडायचा, हे आपण विसरलो, दुखणं तिथे आहे.

आधी दुसऱ्या आक्षेपाचा निकाल लावू. साष्टीत पहिला बाप्तिस्मा होण्याच्या कितीतरी आधीपासून इटलीतल्या पादुआत अंतोनीच्या कबरीपाशी नवस फेडायला माणसं येत होती. गोव्यात रायतूरला 1655 साली पाद्री आंतोनियु द साल्दान्य यांची ‘सांतु आंतोनीची जीवित्वकथा’ छापली गेली. संशोधक अ. का. प्रियोळकरांनी पुढे ती संपादून मराठी वाचकांपुढे ठेवली. या संताचे चमत्कार आपल्या भाषेत आले ते युरोपातून, जहाजात बसून. इथल्या मातीने त्यांना आपलं म्हटलं, एवढंच.

मधला इतिहास सर्वांना ठाऊक आहे. लिस्बनचा फर्नांदो, म्हणजेच आपला अंतोनी, आधी ऑगस्टिनियन, मग मोरोक्कोत मारल्या गेलेल्या पाच फ्रान्सिस्कनांचे देहावशेष पाहून फ्रान्सिस्कन झाला. पादुआजवळ 13 जून 1231 रोजी वारला. पुढे सोळाव्या शतकात संतांकडे मागण्यावर बोट ठेवणारा ल्यूथर आला, त्रेंतची धर्मसभा बसली, आणि 1563 साली तिने पहिल्या आक्षेपाचं उत्तर लिहूनच ठेवलं की संत आपल्यासाठी देवाकडे मागतात, देणारा देव. अंधश्रद्धा आणि पैशाचा लोभ संतभक्तीतून हटवा, असंही त्याच आदेशात आहे. तो भाग वाचायला कुणाला वेळ नसतो.

मला थांबायचंय ते 1890 च्या तूलाँला. दक्षिण फ्रान्सच्या या बंदरात लुईझ बुफिए नावाच्या बाईचं छोटं दुकान होतं. एका सकाळी दाराचं कुलूप उघडेना. कुलूपवाला कुलूप फोडायच्या बेतात असताना ती अंतोनीला म्हणाली, दार न फोडता उघडलं तर तुझ्या गरिबांना पाव देईन. दार उघडलं. गोष्ट पसरली, दुकानाच्या मागच्या खोलीत अंतोनीची मूर्ती आली, पेटी आली, आणि काही वर्षांत ‘अंतोनीचा पाव’ असं लिहिलेल्या पेट्या कॅथलिक जगभर लागल्या. काम झालं की पैसे टाकायचे, त्यातून गरिबांना भाकरी.

भक्तीचा बाजार झाला तो इथे, असं या घटनेबद्दल सर्रास म्हटलं जातं. आधी माल, मग दाम, दुकानदारीणच ती! मला हे वाचन सपशेल उलटं वाटतं. तिचा नवस नीट पाहा. तिला हवंय काय, तर कुलूप उघडायला. संताला मिळतं काय? काहीच नाही, मेणबत्ती नाही, चांदीचं पाऊल नाही. मिळतं ते तिसऱ्यालाच, ज्याचा त्या कुलपाशी काडीचा संबंध नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचा हात किंवा पाय वाहतो तेव्हा मी आणि मावली अशा दोघांतच व्यवहार पुरा होतो. तूलाँमध्ये त्यात भुकेल्याला हक्काची जागा मिळाली.

आणि हे 1890 चं नवं खूळही नव्हतं. जुन्या आख्यायिकेत पादुआची एक आई बुडालेल्या पोरासाठी अंतोनीला सांगते, मूल जगलं तर त्याच्या वजनाइतकं धान्य गरिबांना देईन. आपल्याकडे नवसाची गूळतुला करतात तसंच तागडं, फक्त दुसऱ्या पारड्यातलं कुणी खायचं हे आधीच ठरलेलं. बुफिएबाईंनी जुनी अट पुन्हा जागी केली.

ही अट अंतोनीच्याच आयुष्यातून आली असं मला वाटतं. त्याने पादुआत सावकारीविरुद्ध प्रवचनं दिली. मार्च 1231 मध्ये नगराने कायदा केला की कर्जदाराने आपली मालमत्ता सोडून दिली, तर केवळ कर्जापायी त्याला कैदेत ठेवता येणार नाही. हे अंतोनीच्या विनंतीवरून केलं, असं त्या कायद्यातच नमूद आहे. तीन महिन्यांनी तो गेला. हप्ते थकले म्हणून आज त्याच्यापुढे मेणबत्ती लावणाऱ्या किती जणांना हे कुणी सांगितलंय? प्रवचनात किल्ल्या सापडल्याच्या गोष्टी येतात, कर्जदारांचा कायदा येत नाही. हरवलेल्या वस्तूंचं खातं त्याच्याकडे आलं तेही एका चोरीवरून. मठ सोडून गेलेला नवशिका त्याचं स्तोत्रांचं पुस्तक घेऊन पळाला, अंतोनीने प्रार्थना केली, आणि तो पुस्तक परत घेऊन आला. परत आलेल्या त्या पोराला आपण गोष्टीतून केव्हाच वगळलं.

आता जूनमधल्या सणाला काय होतं ते पाहा. अनेक चर्चमध्ये पाव आशीर्वादित करून वाटतात, आपण रांगेत उभे राहतो, घरच्या आजाऱ्यासाठी दोन जास्त मागून घेतो. श्रद्धा खरी आहे, शंका नाही. पण गरिबांसाठीचा पाव आपण प्रसाद म्हणून स्वतःच खातो आहोत. आणि फोनवरच्या साखळीत तर पावही उरला नाही; तेरा बोटं हलवली की नवस फिटला!

तेव्हा येत्या 13 जूनला पाव जरूर घ्या. पण त्याआधी वाकोल्यातल्या एखाद्या घराचं महिन्याचं रेशन भरा, किंवा व्ही. एन. देसाई रुग्णालयात दाखल असलेल्या कुणाच्या औषधांचे पैसे द्या. आणि तुमचं काम झालं नसलं तरी द्या.