आजचं चिंतन : ‘मला काहीच झालं नाही’



आज आपण गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या पंधराव्या श्लोकापाशी आलो आहोत. काल शरीराचं तप पाहिलं, उद्या मनाचं पाहू. आजचं तप वाणीचं. भगवंत इथे उपास करायला सांगत नाहीत, पहाटे उठायलाही सांगत नाहीत. आपलं बोलणं कसं असावं एवढंच सांगतात. त्याने ऐकणाऱ्याचा जीव घाबराघुबरा होऊ नये. ते खरं असावं. ऐकायला गोड असावं. आणि त्यातून समोरच्याचं भलं व्हावं. सोबत स्वाध्यायही सांगितला आहे, पण आज या चार गोष्टींवरच बोलू.

वाचताना वाटतं, सोपं आहे की! मलाही वाटायचं. पण या चार अटी एकमेकींशी भांडायला लागल्या तर? जे खरं आहे ते सांगितलं तर समोरचा घाबरेल, आणि घाबरला तर त्याचं नुकसान होईल, असं असेल तर काय करायचं? मी एकदा या पेचात सापडले होते आणि चुकले होते. आज तेच सांगणार आहे.

जुलै २०२१. पुण्यात तेव्हा घराघरांत एकच विषय होता, लस. दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. मी एका शनिवारी सकाळी कोविशिल्डचा पहिला डोस घेतला. अर्धा तास तिथल्या खुर्चीवर बसवून ठेवलं, काही होत नाहीये बघून सोडलं. घरी येऊन जेवले, एक सिरीज बघितली, खूश होते. रात्री दहाच्या सुमारास थंडी वाजायला लागली. पुण्याच्या जुलैत दोन गोधड्या अंगावर घेऊनही दातावर दात आपटत होते. थर्मामीटर लावला तर १०२. साताऱ्याहून आई फोनवर सांगत होती, पॅरासिटामॉल घे, पाणी पी, झोप. रविवार पूर्ण गेला. अंग ठेचल्यासारखं, डोकं जड, डावा हात खांद्याच्या वर जाईना. सोमवारी सकाळी ताप उतरला आणि मी एका हाताने लॅपटॉप उघडून कामाला बसले.

खरं सांगायचं तर मी घाबरले नव्हते. कारण हे होऊ शकतं हे मला माहीत होतं. मित्रमैत्रिणींनी सांगितलं होतं, वाचलंही होतं. लस म्हणजे शरीराला दिलेली एक रंगीत तालीम. खरा शत्रू आलेला नसतो, पण शरीर तो आल्यासारखी तयारी करतं. त्या धावपळीत अंगातलं तापमान वाढतं, सांधे दुखतात, थकवा येतो. बहुतेकांचं एकदोन दिवसांत निवळतं. काहींना काहीच होत नाही, आणि म्हणून त्यांच्यावर लसीचा परिणाम झाला नाही असंही नसतं. हे ठाऊक असल्यामुळे ती रात्र नुसती त्रासाची होती, भीतीची नव्हती. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सोमवारी संध्याकाळी स्वयंपाकाच्या मावशी आल्या. वय बावन्नच्या आसपास. त्यांना एप्रिलपासूनच लस घेता येत होती, पण घेतली नव्हती. वस्तीतली एक बाई लस घेऊन तीन दिवस अंथरुणाला खिळली होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कणीक मळता मळता त्यांनी विचारलं, “ताई, घेतली ना तुम्ही लस? काही त्रास झाला का हो?”

आणि मी म्हणाले, “छे, मला काहीच झालं नाही. जरासा हात दुखला, बस्स.”

एक क्षणही विचार करावा लागला नाही. इतक्या सहज निघालं तोंडातून.

तेव्हा मनात काय होतं ते प्रामाणिकपणे लिहिते. पहिलं, मावशींना लस मिळावी ही खरी काळजी. त्यांच्या गल्लीतली तीन माणसं दुसऱ्या लाटेत गेली होती. दुसरं, थोडा स्वार्थ. त्या रोज माझ्या घरी येत होत्या. आणि तिसरं, जे मला खूप उशिरा दिसलं, ते म्हणजे यांना खरं झेपणार नाही असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला १०२ ताप येऊ शकतो हे मला आधी कळलेलं चालतं, त्यांना मात्र कळायला नको! का? मी शिकलेली म्हणून?

पुढच्या मंगळवारी मावशी महापालिकेच्या केंद्रावर रांगेत उभं राहून लस घेऊन आल्या. बुधवारी आल्या नाहीत. गुरुवारीही नाहीत. फोन बंद. मला वाटलं, असेल ताप, येतील. शुक्रवारी आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. चहा दिला. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

“ताई, तुम्हाला काही झालं नाही म्हणालात ना. मला तर असा ताप भरला की काय सांगू. मला वाटलं, मला तोच रोग झाला. नातवाला दोन रात्री शेजारणीकडं झोपवला. कुणाला सांगितलं नाही, म्हटलं उचलून नेतील. फोन पण बंद करून ठेवला.”

दोन रात्री त्या एका खोलीत एकट्या पडून होत्या. मला जो ताप आला होता तोच ताप. तेवढाच. पण माझ्याजवळ त्याचा अर्थ होता, त्यांच्याजवळ नव्हता. तो अर्थ मी काढून घेतला होता. “ताईंना काही झालं नाही, मग मला का?” या प्रश्नाचं त्यांनी काढलेलं उत्तर चूक होतं, पण मी दिलेल्या माहितीवरून तेच निघत होतं. शिवाय दुसऱ्या एका घरी न सांगता खाडे झाले म्हणून दोन दिवसांचे पैसे कापले गेले.

मी मान खाली घालून सांगितलं, “मावशी, मलाही १०२ ताप होता. मी खोटं बोलले.”

त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मग सांगायचं ना. मी घेतलीच असती. मंगळवारी नसती घेतली, शनिवारी घेतली असती.”

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. मी त्यांच्यासाठी ‘घेतील की नाही’ एवढाच प्रश्न ठेवला होता. त्यांचा प्रश्न वेगळा होता. कधी घ्यायची, पोराला कुठे ठेवायचं, कुठल्या घरी आधी सांगून ठेवायचं, घरात गोळी आहे का. खरं कळलं असतं तर त्या पळून गेल्या नसत्या, तयारीने गेल्या असत्या.

आता तुमच्यापैकी कुणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की त्या खरंच घेणार होत्या कशावरून? नंतर म्हणणं सोपं असतं. खरं ऐकून घाबरल्या असत्या, लस घेतलीच नसती, आणि काही बरंवाईट झालं असतं तर? याचं शंभर टक्के उत्तर माझ्याकडे नाही. कदाचित त्यांनी अजून महिनाभर टाळलं असतं. ही शक्यता मी नाकारत नाही. पण एक गोष्ट आता पक्की वाटते. ‘हित’ म्हणजे मला हवं तसं समोरच्याने वागणं नव्हे. मी खोटं बोलून माझं काम करून घेतलं आणि त्याला हित हे नाव दिलं. श्लोकात सत्य आणि हित शेजारीशेजारी आहेत. एक घालवून दुसरं मिळवा असं तिथे म्हटलेलं नाही.

महाभारतातला धर्मराज आठवा. त्याचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. द्रोणाचार्यांना अश्वत्थामा गेल्याचं त्याने मोठ्याने सांगितलं आणि हत्तीचा उल्लेख हळूच केला, तेव्हा तो रथ जमिनीला टेकला. त्याने तर अर्धं का होईना, खरं सांगितलं होतं. युद्ध होतं, समोर द्रोण होते. माझ्यापुढे काय होतं? कणकेचा गोळा आणि एक साधा प्रश्न.

पण मंडळी, याची दुसरी बाजूही बघूया, नाहीतर आपण ‘खरं बोलायचं’ एवढंच घेऊन निघू. त्याच महिन्यात माझ्या एका सहकाऱ्याने स्टेटसला थर्मामीटरचा फोटो टाकला होता. १०३. खाली लिहिलं होतं, “विचार करून घ्या रे बाबांनो.” फोटो खरा होता, ताप खरा होता. दोन दिवसांनी तो ठणठणीत बरा झाला, पण त्याचं स्टेटस काही आलं नाही. खरं बोलला, पण पूर्ण नाही. ऐकणाऱ्याला नुसती भीती दिली, हातात काहीच दिलं नाही. मी खोट्याने चुकले, तो अर्धवट खऱ्याने. श्लोकाच्या चाळणीतून दोघांचंही बोलणं गळून पडतं.

मग चारही अटी पाळणारं बोलणं कसं असतं? मला वाटतं, असं काहीतरी : “मावशी, मला दीड दिवस चांगलाच ताप होता, थंडी वाजली. सोमवारी उतरला. असं बऱ्याच जणांना होतं, काहींना होतही नाही. शनिवारी घ्या, रविवारी आराम होईल. या चार गोळ्या ठेवा. ताप दोन दिवसांत उतरला नाही, दम लागला किंवा डोकं असह्य दुखलं तर मला रात्रीही फोन करा, आपण डॉक्टरकडे जाऊ. कामाचे पैसे कापणार नाही.” बघा, यात भीती कमी करणारी गोष्ट गोड शब्दांत नाही, शेवटच्या दोन वाक्यांत आहे. खरं सांगायचं तर त्याच्यासोबत थोडी जबाबदारीही घ्यावी लागते. मी खोटं बोलले याचं एक कारण कदाचित हेच होतं. खोटं स्वस्तात पडतं. खरं सांगितलं असतं तर सुट्टी द्यावी लागली असती.

आपल्या मुंबईतलीच एक जुनी गोष्ट इथे आठवते. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली. हे आज आपल्याला माहीत आहे, कारण ते नोंदवून ठेवलेलं आहे. ज्याने लस बनवली त्याचा ताप लसीच्या इतिहासातून पुसला गेला नाही. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे.

आणखी एक. २०२४ च्या उन्हाळ्यात कोविशिल्डबद्दल बातमी आली, रक्तात गुठळ्या होण्याची. सगळ्यांचे फोन वाजत होते. मावशींनी पुन्हा विचारलं, “ताई, आपण घेतली तीच का ही?” या वेळी मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, हो, तीच. गुठळ्या आणि सोबत प्लेटलेट कमी होणं, असा एक फार दुर्मिळ त्रास या लसीने होऊ शकतो. युरोपातल्या औषध नियामकांनी २०२१ मध्येच हे सांगितलं होतं. तो होतो तो लस घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत. आपल्याला आता तीन वर्षं झाली. मावशींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “ज्यांना झालं त्यांचं काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या घरात ते घडलं, त्या घराला ‘दुर्मिळ’ हा शब्द काय देणार? आपण एवढंच करू शकतो की कोट्यवधी लोकांचं भलं झालं हे खरं सांगताना त्या घरांचं दुःखही खोटं ठरवायचं नाही. दोन्ही खरं आहे. दोन्ही सांगता आलं पाहिजे.

दुसरा डोस ८४ दिवसांनी होता. मावशींनी शनिवार निवडला. नातवाला आधीच लेकीकडे सोडलं. मी गोळ्या दिल्या, माझा थर्मामीटर दिला, रविवारी सकाळी फोन केला. पलीकडून हसण्याचा आवाज आला. “ताई, या वेळी काहीच झालं नाही बघा. खरंच नाही झालं हो!”

त्यांनी ‘खरंच’ हा शब्द मुद्दाम वापरला की सहज आला, मला माहीत नाही. मला मात्र तो लागला.

आजचा संकल्प : आज कुणी तुम्हाला तुमचा अनुभव विचारला, लसीचा, ऑपरेशनचा, नोकरीचा, कशाचाही, तर उत्तर द्यायच्या आधी एक श्वास थांबा. जेवढं झालं तेवढंच सांगा, कमी नाही, जास्त नाही. आणि ते ऐकून समोरच्याला जी भीती वाटेल, तिच्यासाठी आपल्याला काय करता येईल तेही त्याच वाक्यात सांगा.

उद्या मनाच्या तपाकडे वळू.

राम कृष्ण हरी.