हे अजून कसे आले नाहीत?



आजचं चिंतन गीतेच्या 17व्या अध्यायातल्या 15व्या श्लोकावर. इथे भगवंत वाणीचं तप सांगतात. बोलणं कसं असावं? समोरच्याला अस्वस्थ न करणारं, खरं, गोड आणि हिताचं. कॉलेजात असताना हा श्लोक पाठ केला, तेव्हा सोप्पा वाटला होता. आता घरात रोज त्याची परीक्षा असते.

माझ्या आजीला अल्झायमर आहे. या आजारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग लवकर बिघडतो. म्हणून आजी सकाळी काय खाल्लं ते विसरते, पण स्वतःच्या लग्नातली पंगत तिला लख्ख आठवते. दिवेलागणीला तिचा जीव कासावीस होतो आणि ती विचारते, "हे अजून कसे आले नाहीत रे?"

आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली.

सुरुवातीला मी खरं सांगितलं. तिने हंबरडा फोडला. आपल्यासाठी ती जुनी बातमी, तिच्यासाठी आजोबा त्या क्षणी गेले होते. तासाभराने पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्यांदा मी ओरडलो, "किती वेळा सांगू?" मी काय बोललो ते ती विसरली, पण रात्रभर घाबरलेली राहिली. घटना पुसली जाते, भावना मागे उरते.

मग मी खोटं बोलायला लागलो. "येतील गं, उशीर झाला असेल." त्या दिवशी तिने आजोबांचं ताट मांडलं आणि दहा वाजेपर्यंत न जेवता दाराकडे बघत बसली.

खरं बोललो तरी रडवलं, खोटं बोललो तरी उपाशी ठेवलं. मग करायचं काय?

श्लोक पुन्हा वाचला, तेव्हा लक्षात आलं की चार अटी आहेत आणि त्या 'किंवा'ने नाही, 'आणि'ने जोडल्यात. मी एकेक अट सुटी पाळत होतो. शिवाय मी उत्तर देत होतो ते प्रश्नाला, आजीला नाही. तिला वेळापत्रक नको होतं, तिला एकटं वाटत होतं.

आता मी जवळ बसतो, हात हातात घेतो. "आजोबांची आठवण येतेय ना? मलाही येते. ते चहा बशीतून प्यायचे ना गं?" यात एक शब्द खोटा नाही. ती हसते, सांगत सुटते. मग आई कापूस पुढे ठेवते. वाती वळताना तिची बोटं एकदाही चुकत नाहीत. हातांची सवय आठवणींपेक्षा जास्त टिकते. कधी मेथी निवडते, कधी हरिपाठ लावला की आमच्याही आधी पुढची ओळ म्हणते. वाती वेड्यावाकड्या झाल्या तरी आम्ही देवापुढे त्याच लावतो.

रोज जमतं असं नाही. परवाच कॉल चालू असताना तिने पाचव्यांदा विचारलं आणि माझा आवाज चढला. दुसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा भ्रम, आणि त्यातून बुद्धीचा नाश. अंगावर काटा आला. आजीची स्मृती आजाराने गेली, त्यात तिचा दोष नाही. माझी मात्र रागाने गेली. हिनेच मला भरवलंय, माझे शंभर 'का?' न कंटाळता ऐकलेत, हे मी विसरलो होतो. खरा स्मृतिभ्रंश कुणाला झाला होता?

आणि एक. दिवसभर आजीजवळ असते ती आई. माझी वाणी गोड राहते, कारण मी तासाभराने लॅपटॉपकडे परत जातो. म्हणून आता रविवार माझा. आईलाही कुणीतरी "तू दमलीस ना?" असं विचारायला हवं. वाणीचं तप तिच्यासाठीही आहेच.

आज घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा तोच तोच प्रश्न पहिल्यांदाच ऐकतोय असा ऐकून बघा.

जय हरी! उद्या भेटू.