पुन्हा लिहिण्याचा हक्क

दोन वर्षांपूर्वी मी एक जुना ओपन सोर्स एफटीपी सर्व्हर सी भाषेतून रस्टमध्ये नव्याने लिहायला घेतला. आमच्या ऑफिसातली फाइलींची ने-आण त्यावर चालायची. मूळ कोड माझ्या जन्माच्या आसपासचा. दोन महिन्यांत माझा सर्व्हर उभा राहिला. सगळ्या टेस्ट पास. तो चालू केला त्याच्या दुसऱ्या दिवशी गोदामातून फोन आला, ‘आमचं मशीन कनेक्टच होत नाहीये.’

कारण एक कंस. फाइल कोणत्या पत्त्यावरून घ्यायची हे सर्व्हर क्लायंटला आकड्यांत कळवतो. जुना सर्व्हर ते आकडे कंसात टाकायचा. प्रोटोकॉलमध्ये तशी सक्ती नाही, म्हणून मी कंस गाळला. गोदामातलं म्हातारं मशीन मात्र आधी कंस शोधायचं, मग आकडे वाचायचं. जुन्या कोडमध्ये त्या ओळीवर कॉमेंट होती: ‘हे काढू नका.’ ती मी वाचली होती. हसलेही होते.

तेव्हापासून जुनं सॉफ्टवेअर नव्या भाषेत लिहावं का, हा प्रश्न मला फक्त तांत्रिक वाटत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा खराच आहे. सी भाषेत मेमरीची राखण माणसाने करायची असते. २०१४ मध्ये उघड झालेला ‘हार्टब्लीड’ बग घ्या. ओपनएसएसएल ही लायब्ररी वेबवरच्या असंख्य सर्व्हरचं गुपित सांभाळत होती. समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे का, एवढी एक तपासणी तिच्यात राहून गेली. त्यामुळे परक्याला दर खेपेला सर्व्हरची ६४ केबीपर्यंत मेमरी वाचता येऊ लागली. तिच्यात पासवर्ड असू शकत होते. हा प्रकल्प तेव्हा मूठभर लोक चालवत होते आणि देणग्या यायच्या वर्षाला साधारण २००० डॉलर. अशा माणसांना ‘जरा जपून लिहा’ म्हणणं सोपं आहे. रस्ट हे जपणं बरंचसं कंपायलरवर सोपवते. मला त्यात माणुसकी दिसते.

पण कंपायलरला इतिहास माहीत नसतो. ओपनएसएसएचमधलं एक धोकादायक भोक २००६ मध्ये बुजवलं होतं. २०२० मध्ये कोडची आवराआवर करताना ते बुजवणारा तुकडा चुकून निघून गेला. भोक पुन्हा उघडलं आणि ते थेट २०२४ मध्ये संशोधकांना सापडलं. ही त्याच भाषेत, जाणत्या लोकांनी केलेली आवराआवर. सगळंच नव्याने लिहिताना असे किती टाके उसवत असतील?

मग लिहूच नये का? तसंही नाही. टोर प्रकल्पाने आपलं सीमधलं सॉफ्टवेअर ‘आर्टी’ या नावाने रस्टमध्ये लिहायला घेतलं. त्याची १.० आवृत्ती २०२२ मध्ये आली, तीही फक्त क्लायंटसाठी. रिले सर्व्हरसाठी जुना कोड चालूच ठेवला. महत्त्वाचं म्हणजे, नवं लिहिणाऱ्यांत जुनं वर्षानुवर्षं सांभाळलेली माणसं होती. कुठली ओळ कुठल्या ठेचेमुळे आली, हे त्यांना ठाऊक होतं.

मला ते ठाऊक नव्हतं. मी त्या जुन्या सर्व्हरला कधी एक दुरुस्तीही पाठवली नव्हती. खरं सांगायचं तर, सुरक्षितता हे माझं दुसरं कारण होतं. पहिलं हे, की डागडुजी कुणाला दिसत नाही आणि नव्यावर आपलं नाव लागतं.

आता मला वाटतं, पुन्हा लिहिण्याचा हक्क आधी सांभाळून मिळवावा लागतो. आणि लिहिल्यावर पुढेही सांभाळायची तयारी लागते, नाहीतर आपण पुढच्या कुणासाठी आणखी एक जुना सर्व्हर तेवढा तयार करतो.

मी कंस परत घातला. ‘हे काढू नका’ हेही लिहिलं. पण त्या जुन्या माणसाने जे लिहायचं राहिलं होतं, ते खाली जोडलं: का काढू नये ते.