इनामगांवचा ऱ्हास

गांव उठलें म्हणजे तें बुडालें, असें आपण घरांत राहणारीं माणसें सहज मानतों. ज्याच्या घरास चार भिंती त्याची स्थिति चढती आणि ज्याचें बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर त्याची उतरती, हें माप इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, तें एक माप आहे याचेंही भान राहत नाहीं. इनामगांवची हकीकत वाचतांना आम्हांस त्याविषयीं शंका आली.

पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत, घोड नदीच्या उजव्या तीरावर असलेलें हें ठिकाण डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ ते १९८३ या काळांत उकरलें. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांचीं नांवें या कामाशीं कायमचीं जोडलीं गेलीं आहेत. इ. स. पू. १६०० च्या सुमारास येथें शेती करून गुरें पाळणारे लोक येऊन राहिले. इ. स. पू. १४०० ते १००० हा त्यांच्या भरभराटीचा काळ. मोठीं चौकोनी घरें, नदीचें पाणी खेळविण्यासाठीं खणलेला पाट, जवाचें पीक, गाईबैल; आणि पांच खोल्यांच्या एका घरास लागून धान्याचें कोठार. तें घर गांवच्या मुख्याचें असावें, असा तर्क आहे. पुढच्या तीन शतकांत चित्र पालटलें. चौकोनी घरांच्या जागीं लहान वाटोळ्या झोंपड्या आल्या, शेती आटली, शेळ्यामेंढ्यांवर व शिकारीवर भिस्त वाढली, आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास गांव ओस पडलें. पाऊस उणावला म्हणून हे लोक अर्धे भटके झाले, असें ढवळीकरांचें प्रतिपादन होतें.

यांत ऱ्हास तो कोठें, असें आम्हांस प्रथम वाटलें. पावसाळा सरतांच देशावरचा धनगर कळप घेऊन घाट उतरतो; शेतकरी त्याचीं मेंढरें आपल्या शेतांत बसवून घेतो आणि खताच्या मोबदल्यांत त्यास धान्य देतो. पाण्यामागें जाणें हें शहाणपण आहे. कोरड्या पाटाच्या कांठीं हट्टानें बसून राहणें हें नव्हे. पुण्याच्या रस्त्यावर कळप आडवा आला कीं मोटारीचें शिंग वाजविणाऱ्या आपणांस हें कोण सांगणार !

परंतु आमचा हा पक्ष पुढें लंगडा पडला. इनामगांवचे लोक मेलेलीं लेंकरें दोन मडक्यांत, तोंडास तोंड लावून, घराच्या भुईखालीं पुरीत. त्या अस्थींचा अभ्यास करून ग्वेन रॉबिन्स शुग यांनीं २०११ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. शेवटच्या काळांतील मुलांची वाढ खुंटली होती, अंगाचा भरणा उणा होता, असें त्यांस आढळलें. सगळा दोष अवर्षणावर टाकण्यासही त्या तयार नाहींत. म्हणजे ऱ्हास झाला हें खरेंच. मात्र झोंपडी वाटोळी झाली म्हणून नव्हे. मूल उपाशी राहिलें म्हणून. आणि हेंच माप खरें धरलें, तर भरभराटीच्या काळाकडेही कोठाराच्या लांबीरुंदीवरून पाहतां येणार नाहीं. त्यांतला दाणा कोणाच्या ताटांत पडला, हेंच विचारावें लागेल. पुण्यासारख्या वाढत्या शहरासही हा प्रश्न चुकणार नाहीं.

त्या शेवटच्या झोंपड्यांतूनही लेंकरांस तशींच दोन मडकीं मिळत राहिलीं, आणि तीं बहुधा आईबापांच्या उशापायथ्याशींच पुरलीं जात.