चैतन्याची आज्ञा

पाश्चात्य अभिजात संगीताच्या स्वरलिपीवर आरंभी बहुधा एखादा इटालियन शब्द असतो: आलेग्रो, विवाचे, कॉन ब्रिओ, कॉन स्पिरितो. हे शब्द जलद लयीचे निर्देश म्हणून घेतले जातात. परंतु कोशार्थाने त्यांतील एकही शब्द 'जलद' असे सांगत नाही. आलेग्रो म्हणजे प्रसन्न, विवाचे म्हणजे सजीव, कॉन ब्रिओ म्हणजे तडफेने, कॉन स्पिरितो म्हणजे मनाच्या उभारीने. आपल्याकडील विलंबित, मध्य, द्रुत या संज्ञा कालमानापुरत्या राहतात. येथे मात्र वादकाला जणू मनःस्थितीचीच आज्ञा दिली जाते. प्रश्न असा, की अशी आज्ञा देता येते काय? आणि दिली, तर तिचे पालन झाले हे कशावरून ठरवायचे?

ही अडचण संगीतकारांनाही जाणवत होती. क्वान्ट्सने 1752 च्या आपल्या ग्रंथात लयीसाठी मनुष्याच्या नाडीचा आधार घेतला. 1815 मध्ये मेल्त्सेलने मेट्रोनोमचे पेटंट घेतले, आणि 1817 मध्ये बेथोव्हेनने आपल्या तोवरच्या आठ सिंफनींची कालमाने आकड्यांत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मोझेलला लिहिलेल्या पत्रात त्याने आलेग्रोसारख्या संज्ञा टाकून देण्याचा मनोदय व्यक्त केला. शब्दाचा अर्थ प्रसन्न आणि रचनेचा भाव नेमका त्याच्या उलट, ही विसंगती त्याला खटकत होती. मात्र रचनेची प्रकृती सांगणारे शब्द सोडण्यास तो तयार नव्हता. कारण लय हा त्याच्या दृष्टीने देह होता, तर हे शब्द रचनेच्या आत्म्याशी निगडित होते.

त्याच्या पाचव्या सिंफनीच्या पहिल्या भागावर 'आलेग्रो कॉन ब्रिओ' हे शब्द आहेत, आणि मिनिटाला 108 ठोके हा आकडाही आहे. त्या संगीतात प्रसन्नता शोधू जाणारा निराश होईल. आकडा पाळला गेला की नाही, हे यंत्र सांगू शकते. 'ब्रिओ' पाळला गेला की नाही, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. आकडा तंतोतंत पाळूनही वादन निर्जीव होऊ शकते, आणि अशा वादकावर आज्ञाभंगाचा आरोप सिद्ध करता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की ज्याचे पालन तपासता येत नाही ती आज्ञाच निरर्थक. हा आक्षेप आज्ञेचा एकच प्रकार गृहीत धरतो. मुळात 'कॉन ब्रिओ' वादकाच्या खाजगी भावनेवर हक्क सांगत नाही. शोकमग्न वादकही तो भाग तडफेने वाजवू शकतो, आणि त्यात दांभिकता नसते. तडफ स्वरांच्या आघातांत आणि विरामांतील ताणात प्रकट व्हावयाची असते. ती कशी प्रकट करावी, हे मात्र शब्द सांगत नाही. आकडा वादकाला निर्णयातून मोकळे करतो. शब्द त्याच्यावर निर्णय सोपवतो.

म्हणून संहितेशी निष्ठा म्हणजे निव्वळ आज्ञापालन, हे समीकरण अपुरे ठरते. आकड्याच्या बाबतीत निष्ठा म्हणजे अचूकता. शब्दाच्या बाबतीत ती उत्तरदायित्व होते. चुकण्याची शक्यता जेथे खरी असते, तेथेच विश्वास टाकला जातो. 1817 च्याच एका गीताच्या हस्तलिखितावर बेथोव्हेनने शंभर हा आकडा घातला आणि तो पहिल्या काही मात्रांपुरताच लागू आहे, भावनेलाही स्वतःची लय असते, अशा आशयाची टीप जोडली. आकड्याचा पुरस्कार करणाऱ्यानेच त्याची मर्यादा आखून दिली. त्या मर्यादेपलीकडे जे उरते, ते वादकाच्या विवेकावर सोपवलेले असते; आणि संहिता वाचणाऱ्या समीक्षकाचीही जबाबदारी तेथूनच सुरू होते.