रोहिणीचे पाणी आणि आपला धम्म



गेल्या वर्षावासात एका वस्तीतील विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचन आटोपले, मंडळी उठून गेली. एक आजी मात्र बसूनच राहिल्या. त्यांच्या घराने दीक्षा घेऊन जेमतेम तीन वर्षे झालेली. डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या हातून चूक झाली. नातवाला कावीळ झाली, पोरगं हळदीवानी पिवळं पडलं. माझा जीव ऱ्हाईना. कुणाला न सांगता मरीआईला कोंबडं कबूल केलं. आता माझी दीक्षा मोडली का?"

नातू दवाखान्यात औषधोपचाराने बरा झाला होता. परंतु आजींच्या मनातील काटा निघाला नव्हता. मी त्यांना एवढेच विचारले, "आजी, तुमच्या घरी पाणी कुठून येतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे त्यांच्या गल्लीत गेलो. पाण्याची नळी उघड्या गटारातून गेलेली होती. ती जागोजागी गंजलेली, एका ठिकाणी चिंधी बांधलेली. पाणी दिवसातून तासभर येते. ते बंद झाले की नळीतील दाब जातो आणि भोवतालचे गटाराचे पाणी फटीतून आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी नळ सुटला की तेच पाणी प्रथम हंड्यात पडते. त्या गल्लीत आणखी काही घरांत कावीळ होती. रस्त्यापलीकडच्या बंगल्यांत नव्हती, कारण त्यांची नळी निराळी, गटार झाकलेले आणि पाणी साठवायला टाकी होती.

बंधूंनो, मरीआईला बंगले आणि झोपड्या यांतील फरक कसा कळतो, याचा आपल्या वाडवडिलांनी कधी विचार केला नाही. पटकीची साथ आली की मरीआई कोपली असे ते समजत. पोतराज अंगावर आसूड ओढून घेई आणि गाडा वेशीबाहेर नेला जाई. परंतु गावचा वरचा पाणवठा आपल्याला बंद होता, खालचा घाण डोह तेवढा आपल्या वाट्याचा होता. लंडन शहरात १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टरने पटकीचे रोगी कोणत्या पंपाचे पाणी पितात हे घरोघर जाऊन शोधले. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यात येऊन पटकीचा जंतू तेथील रोग्यांत आणि तळ्याच्या पाण्यात दाखविला. देवीचा कोप म्हणून ज्याला आपण कोंबडे-बकरे दिले, ते मुळात अन्यायाने वाटलेले घाण पाणी होते.

आता तथागतांच्या चरित्राकडे वळू. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा बाबासाहेबांच्या चिकित्सक बुद्धीला पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता, हे कसे शक्य आहे? बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात गृहत्यागाचे कारण दाखविले ते रोहिणी नदीच्या पाण्याचे. शाक्य आणि कोलीय या दोघांची शेते त्या एकाच नदीवर भिजत. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून दोन्हीकडच्या सेवकांत मारामारी झाली. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. आधी चौकशी करा, दोन माणसे शाक्यांनी निवडावीत, दोन कोलीयांनी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि निवाडा करावा, असे त्याने सुचविले. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. संघाचा निर्णय न मानणाऱ्याला देहदंड किंवा देशत्याग. कुटुंबावर बहिष्कार आणि शेतीची जप्ती. कुटुंबाला त्रास नको म्हणून सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली.

म्हणजे आपल्या धम्माची पहिली पायरी पाण्याच्या वादाशी आहे! पाणी कोणाचे, ते कोणाला मिळते आणि त्यापायी रक्त कोणाचे सांडते, हा प्रश्न धम्माच्या बाहेरचा आहे असे कोणी सांगू लागला, तर त्याला रोहिणीची आठवण द्या.

आणि बाबासाहेबांच्या लढ्याची पहिली पायरी कोणती? तीही पाण्याचीच. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. परंतु ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो स्त्री-पुरुषांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. परतणाऱ्या लोकांना सनातन्यांनी मारहाण केली आणि तळ्यात शेण, गोमूत्र, दही, दूध ओतून ते 'शुद्ध' करून घेतले. खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी दामोदर खोरे आणि हिराकूड यांसारख्या योजनांचा पाया घातला. एका ओंजळीपासून साऱ्या देशाच्या नद्यांपर्यंत त्यांनी पाण्याचा विचार केला.

तळी खुली झाली, कायदे झाले. मग आज प्रश्न संपला का? डोळे उघडे ठेवून पाहा.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून सुमारे ४० टन विषारी वायू सुटला. टाकी थंड ठेवणारे यंत्र बंद होते, वायू जाळणारा मनोराही दुरुस्तीसाठी बंद होता. वारा वस्त्यांच्या दिशेने वाहत होता. वायूने कोणाचा धर्म विचारला नाही, जात विचारली नाही. परंतु कारखान्याच्या भिंतीला लागून कोण राहत होते? मजूर, कारागीर, गरीब मुसलमान आणि दलित. पहिल्या सरकारी मोजणीत २,२५९ मृत्यू नोंदले गेले. पुढे आकडा कितीतरी वाढला. ७ जून २०१० रोजी म्हणजे पंचवीस वर्षे उलटल्यावर सात अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली. आवारातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा हलवायला २०२५ चा जानेवारी उजाडला. आणि तो पीथमपूरला नेला तेव्हा तेथील लोक रस्त्यावर आले. एकाच्या दारातील विष दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणे, यालाच आपल्याकडे सफाई म्हणतात.

मुंबईतील देवनारची कचराभूमी पाहा. ज्या १९२७ साली आपण महाडला पाणी प्यालो, त्याच साली मुंबईचा कचरा देवनारला पडू लागला. त्या डोंगराच्या पायथ्याशी आपली आणि आपल्यासारखीच माणसे राहतात, त्याच कचऱ्यात भाकरी शोधतात. जानेवारी २०१६ मध्ये तेथे आग लागली. धूर शहरभर पसरला तेव्हा कुठे शहराला देवनार आठवले. पायथ्याच्या लेकरांनी तो धूर त्याआधी किती वर्षे गिळला असेल!

आणि गटार? हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. गटारात मरण पावलेल्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. तरीही माणसे उतरविली जातात आणि गुदमरून मरतात. ती कोणत्या जातीची असतात हे मी तुम्हांला सांगायला नको.

ऊन वाढते आहे, पाऊस बेभरवशाचा झाला आहे. मोटारीचा आणि गार हवेच्या यंत्राचा धूर ज्यांनी कधी केला नाही, त्या शेतमजूर बाईच्या डोक्यावरच भर दुपारचे ऊन आहे. विहीर आटली की जमीनदार बोअर खणतो. भूमिहीन माणूस बिऱ्हाड उचलून ऊसतोडीला जातो. दुष्काळ सर्वांवर येतो, परंतु सर्वांना सारखा येत नाही.

यावर काही लोक म्हणतात, "हे पूर्वजन्मीचे कर्म." नव्या बौद्ध बंधूंनो, या वाक्यापासून सावध राहा! गटारात उतरणारा मागच्या जन्मीच्या पापाने उतरला, असे मानले की त्याला उतरविणारा मोकळा सुटतो. बाबासाहेबांनी धम्म समजावून सांगताना हेच बजावले की, गेल्या जन्माच्या नावाने गरिबाला त्याच्या गरिबीसाठी दोषी ठरविणे हे बुद्धाचे मत नव्हे. भगवंतांनी चार आर्यसत्ये सांगितली: दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते, आणि त्याचा मार्ग आहे. कावीळ हे दुःख. गटारातील नळी हे कारण. नळी बदलणे हा निरोध. आणि सर्वांनी मिळून ती बदलून घेणे हा मार्ग. धम्म इतका सरळ आहे.

संयुत्त निकायात एक प्रसंग आहे. रात्रंदिवस कोणाचे पुण्य वाढते, असे भगवंतांना विचारले गेले. त्यांनी यज्ञ करणाऱ्याचे नाव घेतले नाही. जे झाडे लावतात, पूल बांधतात, पाणपोई आणि विहिरी करतात, वाटसरूला निवारा देतात, त्यांचे पुण्य वाढते असे सांगितले. सार्वजनिक पाणी आणि सावली हे आपले पुण्यकर्म आहे.

तेव्हा रविवारी विहारात वंदना झाली की लगेच पांगू नका. एक वही ठेवा. वस्तीत कोणाला काविळीची, जुलाबाची बाधा झाली, कोठे गटार फुटले, कोठे धूर येतो, ते तारखेसह लिहा. पाण्याचा नमुना तपासून घ्या आणि तपासणीचा कागद मागा. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा त्यासाठीच आहे. तोवर पाणी उकळून प्या. आपल्यापैकी कोणीही, कितीही पैसे मिळोत, गटारात उतरू नये आणि दुसऱ्याला उतरवूही नये.

आणि एक गोष्ट कडू लागली तरी सांगतो. आपल्या वस्तीच्या नळावर शेजारच्या मांगवाड्यातील किंवा मेहतर वस्तीतील बाई आली आणि आपण तिला "तुमचा नळ तिकडं" म्हणून हटकले, तर चवदार तळ्यावर आपण गेलो होतो हे विसरून जावे. त्या क्षणी आपण काठी घेऊन उभ्या असलेल्यांच्या बाजूला गेलेलो असतो. आपले घाण पाणी आपल्याहून दुबळ्याच्या उंबऱ्यावर सोडणे यालाही शीलभंगच म्हणतात.

त्या आजींचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. मी त्यांना म्हणालो, "आजी, भीतीपोटी जुन्या वाटेला पाय वळला, आज तुम्ही तो परत फिरवला. दीक्षा मोडली नाही, आज ती पक्की झाली. कोंबड्याचे पैसे मात्र वाया घालवू नका." त्या पैशांतून त्यांनी अर्ज लिहून घेतला, झेरॉक्स काढल्या, गल्लीतील बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले. सहा महिने सगळ्याजणी कार्यालयात खेटे घालत राहिल्या. एकदा तर गटारातील पाणी बाटलीत भरून साहेबांच्या टेबलावर ठेवले. पावसाळ्याआधी नळी बदलली गेली.

नव्या नळाला पहिले पाणी आले त्या दिवशी आजींनी विहारात एक हंडा आणून ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, कोणाच्याही वस्तीतला असो, त्या स्वतःच्या हाताने पाणी देत होत्या.

जय भीम! जय बुद्ध!